गायरानातील पाले, ग्रामसभेचा ठराव आणि कायदा

पत्र: मी एका लहान गावाच्या ग्रामपंचायतीवर पहिल्यांदाच निवडून आलेली सदस्य आहे. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या गायरानात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची काही कुटुंबे पाले ठोकून राहतात आणि शिमग्याच्या सुमारास पुढे निघून जातात. माझे सासरे सांगतात की त्यांच्या लहानपणापासून हे असेच चालत आले आहे. यंदा शिवारातल्या एका विहिरीवरची मोटार चोरीला गेली, पाठोपाठ मुले पळवणाऱ्या टोळीचा एक संदेश गावातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरला, आणि आता तरुण मंडळींनी ‘चोवीस तासांत गायरान रिकामे करावे, अन्यथा गाव आपले बघून घेईल’ असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचे ठरवले आहे. सार्वजनिक नळाचे पाणी त्यांना बंद करावे, अशीही मागणी आहे. गायरान शाळेला लागून असल्यामुळे उघड्यावरच्या शौचाची तक्रार मात्र खरी आहे आणि ती शिक्षकांनीही केली आहे. सरकारी जागेवर परवानगीशिवाय कोणी मुक्काम केला तर ग्रामपंचायतीला त्यांना हटवता येते का? पाणी तोडता येते का? आणि मी या ठरावाला विरोध केला तर मी अडचणीत येईन का?
– एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे मी येतोच, परंतु त्याआधी मोबाइलवर फिरणाऱ्या त्या संदेशाविषयी लिहिणे मला अधिक निकडीचे वाटते. जागेचा प्रश्न महिनाभर थांबू शकतो; हा प्रश्न एक दिवसही थांबू शकत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते, आणि त्यांच्या कुटुंबांची पाले तिथून जवळच पिंपळनेरला पडलेली होती. जिथे त्यांना कोंडून मारले, ते त्या गावच्या ग्रामपंचायतीचे कार्यालय होते. तुमच्या गायरानात उतरलेली माणसे त्याच समाजाची आहेत, त्यांना ही घटना तोंडपाठ आहे, आणि ‘गाव आपले बघून घेईल’ या शब्दांचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून पहिले काम असे करा. पोलीस पाटलांना सोबत घेऊन आजच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, त्यात संदेशाचा मजकूर आणि तो कोणत्या गटांतून फिरत आहे हे लिहा, पालांवर असलेल्या कुटुंबांना धोका आहे असे स्पष्ट शब्दांत नमूद करा आणि अर्जाची पोहोच घ्या. राईनपाड्याच्या घटनेनंतर अवघ्या पंधरवड्यात, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला नोडल अधिकारी नेमण्याचे आदेश दिले आहेत, तेव्हा ठाण्यात दाद लागली नाही तर तोच अर्ज थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात पाठवता येतो. ज्या तरुणांच्या उत्साहाची तुम्हाला काळजी वाटते, त्यांना हेही सांगून ठेवा की भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) नुसार पाच किंवा अधिक जणांच्या गटाने जात, समाज, जन्मस्थान अशा कारणावरून एकमताने खून केला, तर त्या गटातील प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा होऊ शकते. फक्त ज्याच्या हातात काठी होती त्यालाच नव्हे. मोटार चोरीची फिर्याद ज्याची मोटार गेली त्याने स्वतंत्रपणे द्यावी आणि तपास पोलिसांनी करावा. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ही चोरी आणि गायरानाचा मुक्काम हे दोन विषय एका ओळीत येऊ देऊ नका, कारण ते एका ओळीत आले की पुराव्याशिवायच निकाल लागल्यासारखे होते.

आता जागेविषयी. गायरान ही शासनाची जमीन असते. ती गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली असते आणि तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. मालकी शासनाची आणि देखभाल पंचायतीची हा फरक अनेक सरपंचांच्याही लक्षात राहत नाही, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या फरकात आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ ने पंचायतीला सार्वजनिक रस्त्यांवरील आणि मोकळ्या जागांवरील अडथळे व अतिक्रमणे काढण्याचा अधिकार दिलेला आहे. परंतु जागा शासनाची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, परवानगी घेतली पाहिजे, अशी अट त्याच कलमात घातलेली आहे. गायरानाच्या बाबतीत मूळ अधिकार महसूल खात्याचा आहे: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० नुसार शासकीय जमिनीवरील अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, मग ती जमीन स्थानिक संस्थेच्या ताब्यात असो वा नसो, आणि प्रत्यक्षात हे काम बहुधा तहसीलदारांमार्फत चालते. याचा सरळ अर्थ असा की ग्रामसभेने चोवीस तासांची मुदत देणारा ठराव कितीही मोठ्या बहुमताने केला तरी, परवानगीशिवाय त्या ठरावाच्या बळावर एक खुंटीसुद्धा उपटण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. गावकऱ्यांनी स्वतः जाऊन पाले उधळली, भांडी फेकली, कापड फाडले, तर ती कारवाई ठरणार नाही, तो गुन्हा ठरेल, आणि ठरावावर सह्या करणाऱ्यांची नावे पोलिसांना शोधावी लागणार नाहीत.

तरीही, अधिकाऱ्याची परवानगी आली म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी न्यायला हरकत नाही, असेही कोणी समजू नये. १९८१ च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी परत पाठवण्याची घोषणा केली होती, आणि त्यातून ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा खटला उभा राहिला. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१४ मध्ये नोटीस न देता अतिक्रमण काढण्याची मुभा आहे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी दिलेल्या निकालात ते कलम वैध ठरवले आणि सार्वजनिक पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही स्पष्ट केले. मात्र त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस न देण्याची सक्ती नव्हे, आणि ज्याचे बिऱ्हाड उचलले जाणार आहे त्याचे म्हणणे सामान्यतः आधी ऐकून घेतलेच पाहिजे. पावसाळा चालू असल्यामुळे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणालाही हटवू नये, असाही आदेश त्यात होता. निकाल मुंबईच्या पदपथांविषयीचा असला तरी नोटीस, सुनावणी आणि ऋतूचा विचार या तीन गोष्टी गायरानातल्या पालालाही लागू पडतात. तुमच्याकडे आता थंडी आहे, पालांवर तान्ही मुले असणार, आणि नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्यालाही हे डोळ्यांआड करता येणार नाही.

गावातले कोणी वाचनात असणारे गृहस्थ कदाचित १३ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतील, ज्यात बांधकाम पाडण्यापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस आणि वैयक्तिक सुनावणी सक्तीची केली आहे. त्या निकालावर मी तुम्हाला विसंबू देणार नाही, कारण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना ते निर्देश लागू नाहीत असे न्यायालयानेच म्हटले आहे, आणि गायरान त्या अपवादात बसते की नाही यावर ग्रामसभेत वाद रंगवून काहीच साधणार नाही. चाळीस वर्षे टिकून राहिलेला ओल्गा टेलिसचा आधार तुम्हाला पुरेसा आहे.

पाण्याविषयी माझे उत्तर एका शब्दात ‘नाही’ असे आहे. पंचायतीचा अधिकार जमिनीवरच्या अडथळ्यावर चालतो, त्या जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या तहानेवर चालत नाही. सार्वजनिक नळ किंवा विहीर एखाद्या समाजाला बंद करणारा ठराव संविधानाच्या अनुच्छेद १५ आणि २१ च्या विरुद्ध जाईल. पालांवर पारधी कुटुंब असेल, म्हणजे ते अनुसूचित जमातीचे असेल, तर पाणी अडवणे किंवा राहते ठिकाण सोडायला भाग पाडणे हा अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गंभीर गुन्हा होतो. डवरी गोसावी समाज भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येतो, त्यामुळे तो कायदा त्यांना लागू होत नाही. पण म्हणून पाणी तोडणे कायदेशीर होत नाही. ‘परगावच्या कोणालाही गावात मुक्कामाला मनाई’ अशा आशयाचे जे फलक काही ठिकाणी लागतात, त्यांच्यामागेही कोणताही अधिकार नसतो. देशात कोठेही फिरण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ ने दिलेले आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालायचे तर ते कायद्याने घालावे लागतात, आणि ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे.

शाळेलगतच्या घाणीची तक्रार मी मुळीच हलकी मानत नाही. ती खरी आहे, ती शिक्षकांनी केली आहे, आणि तिच्यावर उपाय न करता फक्त माणुसकीचे आवाहन केलेत तर ग्रामसभेत तुमचे कोणी ऐकणार नाही, व ते योग्यच होईल. ज्यांची मुले त्या शाळेत जातात त्यांना उत्तर मिळाले पाहिजे. ते उत्तर शोधण्यासाठी सभेच्या आधी पालांवर जा, शक्य तर शिक्षकांना आणि सासऱ्यांना सोबत घेऊन जा, आणि तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोला: किती कुटुंबे आहेत, किती दिवस थांबायचा विचार आहे, पुढचा मुक्काम कुठे असतो, अडचण काय आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गायरानात उतरणाऱ्या माणसांशी यंदा गावातल्या एकाही जबाबदार माणसाने हे बोलणे केलेले नसावे, असे तुमच्या पत्रावरून वाटते. माझा अंदाज असा आहे की शाळेपासून दूर जायला त्यांची हरकत नसेल. शाळेजवळ ते राहतात ते बहुधा नळ जवळ आहे म्हणून.

पर्यायी जागा पाहताना गायरानाचाच दुसरा कोपरा सुचवण्याची घाई करू नका. गायरानाची जमीन दुसऱ्या कारणासाठी वळवण्यावर महसूल संहितेच्या कलम २२-अ ने कडक बंधन घातले आहे, आणि पंचायतीने ती ‘दिली’ असा कागद तयार झाला तर तुमच्यावरच आक्षेप येईल. त्याऐवजी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या ताब्यातील जागा पाहा, म्हणजे बाजारतळाचा वापरात नसलेला भाग किंवा यात्रेचे मैदान. तिथे वरून विजेच्या तारा जात नाहीत, ती जागा ओढ्याच्या पात्रात नाही आणि रस्त्याच्या वळणावर नाही, हे प्रत्यक्ष पाहून घ्या. तात्पुरते शौचालय आणि एक नळजोड एवढी सोय वित्त आयोगाच्या निधीतील पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेल्या रकमेतून बसते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, विचारा. बसत नसेल तर गावातले सार्वजनिक शौचालय, ज्याला पुष्कळदा कुलूप असते, ते उघडे ठेवणे तरी हातात आहे. या सोयीसाठी कोणी पालावर जाऊन रोख पैसे मागू लागले तर तिथेच अडवा. पावतीशिवाय एक रुपयाही घेतला जाऊ नये.

नोंदीचा मुद्दा नाजूक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. मुक्कामाला आलेल्या कुटुंबांची नोंद पोलीस पाटलांकडे असणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे: गावाला माणसे माहीत होतात, आणि अफवा उठलीच तर ‘ही माणसे आमच्या नोंदीतली आहेत’ असे सांगणारा कोणीतरी गावात असतो. परंतु ही नोंद म्हणजे हजेरी होऊ देऊ नका. इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना पोलिसांपुढे हजेरी द्यायला लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसवले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द होईपर्यंत हे चालू राहिले. डवरी गोसावी विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, यादीत नाहीत, तरी पालावर वाढलेल्या कोणत्याही माणसाला चौकशीची वही उघडून बसलेला अधिकारी दिसला की छातीत धडकी भरते, आणि त्याचे कारण हा इतिहास आहे. कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसांची संख्या, मूळ गाव, मुलांची वये आणि मुक्कामाचा अंदाज एवढे पुरे. आधारपत्रे काढून ठेवणे, फोटो काढून गटावर टाकणे, रोज संध्याकाळी मोजणी करणे यांपैकी काहीही नको.

ठरावाला तुम्ही नुसता विरोध केलात तर सभेत दोन तट पडतील आणि मोठा तट जिंकेल. त्यापेक्षा दुरुस्ती मांडा. तिचा मसुदा साधारण असा असू शकतो: ‘गायरानात तात्पुरत्या मुक्कामास असलेल्या कुटुंबांची नोंद पोलीस पाटील व ग्रामपंचायत अधिकारी यांनी त्यांच्याशी बोलून करावी, शाळेलगतची जागा मोकळी करून बाजारतळावरील नेमून दिलेल्या भागात मुक्काम हलवण्यासाठी त्यांना पंधरा दिवसांची मुदत द्यावी, तेथे पाणी व शौचालयाची सोय ग्रामपंचायतीने करावी, मुक्कामाची अखेरची तारीख त्यांच्या संमतीने नोंदवावी, गायरानाबाबत पुढील मार्गदर्शन तहसीलदारांकडून लेखी मागवावे, आणि अफवांविषयी पोलीस ठाण्याने गावात खुलासा करावा, अशी विनंती करावी.’ यात तरुणांची मूळ मागणी, म्हणजे शाळेजवळची जागा मोकळी होणे, पूर्ण होते, आणि कायद्याच्या बाहेरचे एकही पाऊल पडत नाही.

यावर एक हरकत हमखास येईल: आज पाल ठोकले, उद्या पत्रा लावतील, परवा पक्के घर बांधून जागेचे मालक होतील. ही भीती गावोगाव ऐकू येते आणि तिला कायद्याने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. शासनाच्या जमिनीवर प्रतिकूल ताब्याने, म्हणजे मालक नसताना दीर्घकाळ ताबा ठेवल्याच्या आधारे, हक्क सांगायचा तर मुदत कायद्याप्रमाणे तीस वर्षे लागतात, ती सलग लागतात, आणि तो ताबा मालकाच्या हक्काला आव्हान देणारा असावा लागतो. दरवर्षी येऊन ठरल्या वेळी निघून जाणारा मुक्काम त्यात मोडत नाही, आणि परवानगीने केलेला मुक्काम तर कधीच मोडत नाही. म्हणजे ज्यांना मालकीची भीती वाटते त्यांनीच तारीखवार लेखी नोंदीचा आग्रह धरायला हवा. उद्या एखादे कुटुंब मुदत संपल्यावरही राहिले, तर तहसीलदारांमार्फत नोटीस आणि सुनावणीचा मार्ग उघडा आहेच. १९९६ च्या नवाब खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की दीर्घकाळ वस्ती होऊ दिली असेल तर दहा दिवस ते दोन आठवड्यांची नोटीस प्रत्यक्ष हातात दिली किंवा जागेवर चिकटवली पाहिजे.

गायरानाच्या रक्षणाचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण निघू द्या. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. त्या निकालाचा रोख पैसा आणि राजकीय वजन वापरून गायराने गिळणाऱ्यांवर होता. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना शासनाने दिलेल्या जमिनी आणि आधीच उभ्या असलेल्या शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक सोयी त्याने अपवाद म्हणून वगळल्या. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा किती गावांत किती पक्की बांधकामे गायरानावर आहेत हे सर्वांनाच दिसले. तुमच्या गावच्या अतिक्रमणांची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १-ई, तलाठी कार्यालयात असते. ती सभेच्या आधी पाहून ठेवा. त्यात कोणाचा गोठा, कोणाचे हॉटेल, कोणाची वीटभट्टी निघेल हे मला ठाऊक नाही, पण वर्षातून चार महिने कापडाखाली राहणाऱ्यांना एक दिवसाची मुदत आणि सिमेंटच्या जोत्याला कायमचे अभय, असा न्याय ग्रामसभेने करू नये. हे सभेत बोलताना कोणाचे नाव घेऊ नका, वैर वाढेल; सर्व अतिक्रमणांची यादी तहसीलदारांकडे एकत्र पाठवण्याची सूचना मांडलीत तरी पुरेसे आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (१) (ज-३) नुसार शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो, आणि २०१८ च्या जनाबाई प्रकरणातील निकालानंतर कुटुंबीयांच्या अतिक्रमणाचा लाभ घेत तिथे राहणाऱ्या सदस्यालाही त्यातून सुटका नाही. तेव्हा आधी स्वतःच्या घराचा उतारा तपासून घ्या, म्हणजे तुम्हाला निर्धास्त बोलता येईल.

तुम्ही विचारले नाही, तरी पालांवरच्या मुलांविषयी लिहिल्याशिवाय मला हे उत्तर पुरे करता येत नाही. ज्या शाळेच्या भिंतीला लागून ती मुले चार महिने राहतात, त्या शाळेत त्यांची नावे आहेत का? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश निश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्ष अर्धे सरले म्हणूनही नाकारता येत नाही, आणि मूल वयानुरूप वर्गात बसवावे लागते. निघताना शिक्षण हमी कार्ड दिले की पुढच्या मुक्कामाच्या शाळेत ते चालते. मुख्याध्यापकांशी बोलून एवढे करून घ्या. तीच गोष्ट अंगणवाडीतल्या आहाराची आणि लसीकरणाची. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना पालांचा पत्ता सांगायला ग्रामसभेची गरज नाही.

मुळात ही माणसे पालात का राहतात, हा प्रश्न तुमच्या पंचायतीच्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी एक गोष्ट तुमच्या हातून होऊ शकते. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांना पत्ताच नव्हता, त्यांनी तो आणायचा कुठून? यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना या समाजांना भूखंड आणि घर देण्यासाठी आहे, परंतु दाखला नसला की तिचे दार बंद राहते. अमुक कुटुंब दरवर्षी अमुक महिन्यांत आमच्या गावी मुक्कामाला असते, असा ग्रामपंचायतीचा लेखी दाखला आणि तुमच्या सासऱ्यांसारख्या जाणत्यांचे जबाब हे जातीच्या दाखल्यासाठी होणाऱ्या गृहचौकशीच्या वेळी मोलाचे ठरतात. ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आता तुमच्या स्वतःच्या काळजीविषयी. ठरावाला विरोध केला म्हणून कोणत्याही सदस्याचे पद जात नाही, आणि ग्रामसभेत मत मांडणे हा तर साध्या मतदाराचाही हक्क आहे. जोखीम आहे ती बेकायदा ठरावाला गप्प राहून संमती देण्यात, कारण उद्या काही अघटित घडले तर तपास अधिकारी इतिवृत्त मागतील आणि त्यात विरोधाची नोंद नसलेला प्रत्येक सदस्य अनुकूल समजला जाईल. म्हणून दुरुस्ती लेखी स्वरूपात आधीच सरपंचांकडे व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या, पोहोच घ्या, आणि ती फेटाळली गेली तर ‘माझा विरोध नोंदवावा’ असे उभे राहून सांगा. सभा संपण्यापूर्वी प्रोसिडिंग वाचून दाखवायला लावा, आणि त्यात तुमचे म्हणणे तुमच्याच शब्दांत आले आहे का ते पाहा. बेकायदा ठराव संमत झालाच तर त्याची प्रत दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकारी, तहसीलदार आणि पोलीस ठाणे या तिघांकडे तुमच्या पत्रासह द्या. शांततेला बाधा आणणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कायद्याने वरिष्ठांना दिलेला आहे, आणि तो वापरायला त्यांना तुमचे पत्र हे कारण पुरेल. सभेला एकट्या जाऊ नका. शिक्षक, आशाताई, बचतगटातल्या दोघी-तिघी आणि सासरे यांना पहिल्या रांगेत बसवा, आणि दरवर्षीच्या मुक्कामाविषयी सासऱ्यांनाच आधी बोलू द्या.